शितावरून भाताची परीक्षा

(देशात यंदा धान्य किती पिकले, हे प्रत्येक शेत न मोजता कसे कळते? जमिनीवरून चालणारी माणसे आणि आकाशातून फिरणारे उपग्रह ही दोघे मिळून हे काम कसे करतात, ते या पाठात सांगितले आहे.)

चुलीवर भात रटरटत असतो. गृहिणी झाकण दूर सारते, पळीने भात तळापासून वर एकवार ढवळते आणि पळीवरचे एक शीत चिमटीत दाबून पाहते. शीत मऊ लागले की पातेले खाली उतरते. पातेल्यातील हजारो शिते तिने तपासलेली नसतात. तरीही तिचा निर्णय सहसा चुकत नाही. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण अशा नित्याच्या अनुभवातूनच जन्मास आली आहे.

परंतु या कृतीतील एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. शीत उचलण्यापूर्वी गृहिणी भात ढवळते. न ढवळता वरचेच शीत उचलले, तर ते कच्चे निघण्याचा संभव असतो. तळाचे उचलले, तर ते फार शिजलेले निघते. एका शिताने सर्व भाताची साक्ष द्यावी, असे वाटत असेल, तर ते शीत सर्व भातातून आलेले असले पाहिजे. म्हणीत शिताचा उल्लेख आहे, ढवळण्याचा नाही. पण खरी करामत ढवळण्यात आहे.

आता एका फार मोठ्या पातेल्याची कल्पना करा. हे पातेले म्हणजे आपला देश. यंदा गहू किती पिकला, भात किती, ज्वारी किती, हे शासनाला दरवर्षी जाणून घ्यावे लागते. पीक कमी आले तर धान्य वेळीच बाहेरून आणावे लागते. अधिक आले तर ते साठविण्याची सोय करावी लागते. परंतु देशात शेते कोट्यवधी आहेत. प्रत्येक शेतातील पीक कापून, मळून, तोलून पाहावयाचे म्हटले, तर मोजणी पुरी होण्यापूर्वीच ते धान्य लोकांनी खाऊन संपविलेले असेल! म्हणून येथेही शितावरूनच भाताची परीक्षा करणे भाग आहे. अडचण एवढीच, की भात ढवळता येतो. जमीन ढवळता येत नाही. बागायत नदीकाठीच राहणार, जिरायत माळावरच राहणार आणि जंगल डोंगरावरच राहणार.

पूर्वी आपल्याकडे पिकाचा अंदाज नजरेने बांधीत असत. भरपूर पीक आले तर ते सोळा आणे. तीन चतुर्थांश आले तर बारा आणे. निम्मे आले तर आठ आणे. या पद्धतीला आणेवारी म्हणत. पुढे आणे चलनातून गेले आणि महाराष्ट्रात आणेवारीच्या जागी पैसेवारी हा शब्द रूढ झाला. अनुभवी माणसाची नजर तीक्ष्ण असते, यात शंका नाही. परंतु नजर ही नेहमीच निःपक्षपाती असते असे नाही. वाटेलगतचे शेत तिला आधी दिसते. आडबाजूचे दिसतच नाही. शिवाय आणेवारी कमी ठरली तर शेतसाऱ्यात सूट मिळे. म्हणून ती कमी ठरावी असे गावकऱ्यांना वाटे, तर सारा बुडू नये असे सरकारला वाटे. अशा ओढाताणीत खरा आकडा कोठे तरी हरवून जाई.

आकडा हरवला, तर काय होते? १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मृत्युमुखी पडली. त्याची कारणे अनेक होती. महायुद्ध चालू होते. तांदळाचे भाव गगनाला भिडले होते. गरिबांच्या हाती पैसा नव्हता. या कारणांत आणखी एका गोष्टीची भर पडली. प्रांतात तांदूळ नेमका किती आहे, याचे विश्वासार्ह आकडे कोणाजवळही नव्हते. आजार कोणता हेच ठाऊक नसेल, तर वैद्याने औषध कोणते द्यावे?

याच बंगालमध्ये त्यापूर्वी काही वर्षे एका विद्वानाने या प्रश्नाला हात घातला होता. त्यांचे नाव प्रशांतचंद्र महालनोबिस. १९३१ साली त्यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३७ पासून त्यांनी तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू केली. सर्व शेते पाहण्याऐवजी नकाशावरील थोड्या जागा ते निवडीत. आणि ही निवड कोणाच्या मर्जीने न होता, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ दैवाने होईल, अशी व्यवस्था करीत. अशा निवडीला 'यादृच्छिक निवड' म्हणतात. ती करणारा माणूस कोणावर मेहेरबान नसतो आणि कोणावर रुष्टही नसतो. एवढ्यावर न थांबता महालनोबिस एकाच प्रदेशात पाहणी करणाऱ्यांच्या निरनिराळ्या तुकड्या स्वतंत्रपणे पाठवीत. तुकड्यांचे आकडे जुळले तर उत्तम. न जुळले तर चूक कोठे झाली, याचा शोध ते घेत. आपल्या कामावर आपणच पहारा ठेवण्याची ही रीत होती.

याच क्षेत्रात एका मराठी माणसाने मोलाची भर घातली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ होते. शेतात नमुन्यासाठी अगदी लहान तुकडा आखून त्यातील पीक कापले, तर उत्पन्न प्रमाणाबाहेर अधिक दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. असे का व्हावे? तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला, म्हणजे कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कड मोठी असते, आणि ही छोटी चूक गुणाकाराने डोंगराएवढी होते. महालनोबिस लहान वर्तुळे वापरीत. सुखात्मे यांना मोठे तुकडे हवे होते. दोघांचा मतभेद झाला, परंतु तो आकडे आणि पुरावे यांच्या आधाराने मांडला गेला. अशा मतभेदाने शास्त्र पुढे जाते. आज आपल्या देशात बहुतेक ठिकाणी गहू, भात अशा पिकांसाठी ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा तुकडा घेतात. पुढे १९५१ पासून सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत काम केले.

शीत कसे उचलावे, हे याप्रमाणे ठरले. परंतु जमीन ढवळता येत नाही, ही अडचण उरलीच होती. तिचे उत्तर जमिनीवर नव्हते. ते आकाशात होते.

जमीन ढवळता येत नसेल, तर निदान तिच्यात काय कोठे आहे हे आधी ठाऊक असावे. बागायत कोठे, जिरायत कोठे, जंगल कोठे, पडीक कोठे, वस्ती कोठे, हे दाखविणाऱ्या नकाशाला भूमी-उपयोगाचा नकाशा म्हणतात. असा नकाशा हाती असला की, पाहणी करणाऱ्याला प्रत्येक प्रकारच्या जमिनीतून शिते उचलता येतात. देशभरचा असा नकाशा पायी हिंडून तयार करण्यास वर्षानुवर्षे लागतील. आणि तोपर्यंत माळरानाचे मळे झालेले असतील, मळ्यांवर घरे उठलेली असतील. उपग्रह मात्र शेकडो किलोमीटर उंचीवरून काही दिवसांच्या अंतराने त्याच भूमीवर पुन्हापुन्हा नजर टाकतो. अमेरिकेने या कामासाठी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएत संघातून, अंतराळात गेला.

एवढ्या उंचीवरून उपग्रहाला पीक ओळखता येते तरी कसे? हिरव्या पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील तांबडा प्रकाश बहुतेक शोषून घेते. त्याच वेळी आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पानाच्या आतील रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकले जातात. उपग्रहावरील उपकरण हे दोन्ही मोजते. तांबडा थोडा आणि अवरक्त पुष्कळ परत आला, तर तेथे जोमदार हिरवळ आहे असे समजावे. डोळ्यांना न दिसणारे हे किरण चित्रात लाल रंगाने दाखविण्याची पद्धत आहे. म्हणून अशा चित्रांत दाट पीक लालभडक, खोल पाणी काळसर आणि शहर निळसर करडे दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चित्र चुकीचे रंगविलेले वाटते. पण ज्याला त्याची भाषा समजली, त्याला ते गावाच्या नकाशाप्रमाणे वाचता येते.

परंतु एका चित्राने भागत नाही. ऊसही हिरवा, गहूही हिरवा आणि आमराईही हिरवीच. म्हणून वेळोवेळी घेतलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहतात. रब्बीच्या गव्हाचे रान पेरणीपूर्वी उघडे असते, थंडीत हिरवे होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळे पडते. ऊस कित्येक महिने हिरवा उभा राहतो. आमराई तर वर्षभर हिरवी असते. माणूस चालीवरून ओळखावा, तसे पीक त्याच्या कालक्रमावरून ओळखावे लागते. पावसाळ्यात ढग आड येतात आणि खरिपाची पिके झाकली जातात. तेव्हा ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार-लहरींचा उपयोग होतो. भातखाचरात पाणी तुंबलेले असताना रडारच्या चित्रात ते काळे दिसते. रोपे वाढू लागली की तीच जागा उजळू लागते. अशा रडारचे रिसॅट-१ आणि ईओएस-०४ हे उपग्रह भारताने अनुक्रमे २०१२ आणि २०२२ साली सोडले.

उपग्रहाच्या नजरेलाही मर्यादा आहे. त्याचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते, आणि एका ठिपक्याच्या आत काय काय आहे, ते त्याला वेगवेगळे दिसत नाही. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका जमिनीवर सुमारे ७२ मीटर लांब-रुंद होता. म्हणजे त्याचे क्षेत्र एका एकराहून अधिक भरे. युरोपने २०१५ साली सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचा लहानात लहान ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे. तरीही एका गुंठ्यात थोडी मेथी, थोडा लसूण आणि बांधावरचे झाड असेल, तर उपग्रह बिचारा गोंधळून जातो.

नकाशाने पाहणीला कसा उपयोग होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका तालुक्याचे ४०० चौकोन पाडले. प्रत्येक चौकोन एक किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे १०० हेक्टरांचा आहे. उपग्रहाच्या नकाशावरून असे दिसले, की १०० चौकोन बागायती, २०० जिरायती आणि १०० डोंगराळ आहेत. वेळ व माणसे बेताची असल्यामुळे २० चौकोनच तपासावयाचे आहेत. बागायतीत शेताशेतात फरक पुष्कळ, म्हणून तेथून सोडतीने ८ चौकोन निवडले. जिरायतीतून १० आणि डोंगराळ भागातून २ निवडले. तपासणीत बागायती चौकोनात सरासरी ३० हेक्टर, जिरायती चौकोनात ५ हेक्टर गहू आढळला. डोंगरावर काहीच आढळला नाही. तेव्हा बागायतीत १०० गुणिले ३०, म्हणजे ३,००० हेक्टर, आणि जिरायतीत २०० गुणिले ५, म्हणजे १,००० हेक्टर. तालुक्यात एकूण ४,००० हेक्टर गहू असल्याचा अंदाज निघतो.

आता नकाशा नाही असे समजा. वीस चौकोन आंधळेपणाने निवडले आणि योगायोगाने त्यांत १० बागायती, ८ जिरायती व २ डोंगराळ आले. त्यांत मिळून ३४० हेक्टर गहू भरला. म्हणजे सरासरी १७ हेक्टर. ही सरासरी ४०० चौकोनांना लावली, की आकडा येतो ६,८०० हेक्टर! जास्तीचा २,८०० हेक्टर गहू कोणत्याही रानात उभा नाही. तो केवळ कागदावर उगवला आहे. हेक्टरी उत्पन्न २,४०० किलो धरले, तर हे कागदी धान्य ६७,२०,००० किलो होते. एका माणसाला महिन्याला १० किलो, म्हणजे वर्षाला १२० किलो गहू लागतो असे मानले, तर ५६,००० माणसांचे वर्षाचे धान्य आपल्या कोठारात आहे, असा खोटा समज होऊन बसेल. कागदावरच्या गव्हाची भाकरी होत नाही.

भारतात उपग्रहाच्या साहाय्याने होणाऱ्या पीक-अंदाजात असेच वर्ग पाडून चौकोन निवडतात. मात्र त्यासाठी ५ किलोमीटर लांब-रुंद असे मोठे चौकोन वापरले जातात. हे काम पाहणारे केंद्र २०१२ साली नवी दिल्लीत स्थापन झाले, आणि त्याला महालनोबिस यांचे नाव देण्यात आले. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशाच्या भूमी-उपयोगाचे नकाशे तयार करते. महाराष्ट्रासाठी असेच काम करणारे केंद्र नागपूर येथे आहे.

एवढे झाले तरी शेवटचे काम माणसालाच करावे लागते. पीक कोठे आहे, हे उपग्रह सांगतो. दाण्याचे वजन तो करू शकत नाही. त्यासाठी सोडतीने निवडलेल्या शेतात जाऊन पीक कापावे लागते. असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

फाल्गुनातील सकाळ आहे. गव्हाच्या शेताच्या बांधावर कृषी खात्याच्या ताई दोरी, खुंट्या आणि तागडी घेऊन उभ्या आहेत. शेतमालक आबा आणि पीकविमा कंपनीचा एक प्रतिनिधीही तेथे आहेत.

आबा म्हणतात, "ताई, बांधाकडेचा हा कोपरा घ्या. इथे पाणीच पोहोचलं नाही. दाणा कसा पोचट राहिलाय बघा."

प्रतिनिधी म्हणतात, "त्यापेक्षा मधली जागा घ्या, मॅडम. तिथे पीक किती दाट आहे!"

आबांना ठाऊक आहे, की मंडळातील उत्पन्न कमी निघाले तर विम्याची भरपाई मिळेल. अधिक निघाले तर ती द्यावी लागणार नाही, हे प्रतिनिधीलाही ठाऊक आहे. ताई शांतपणे हातातील कागद उघडतात. "आबा, जागा तुम्ही निवडायची नाही, यांनी निवडायची नाही आणि मीही निवडायची नाही. या कागदावरचे दोन आकडे सोडतीने निघाले आहेत. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून लांबीकडे सत्तावीस पावलं आणि रुंदीकडे अकरा. तिथे जे असेल, ते आपलं."

पावले मोजली जातात. खुंट्या ठोकल्या जातात. दोरी ताणली जाते. जागा पोचट कोपऱ्यात पडत नाही आणि दाट पिकातही पडत नाही. पीक कापून, मळून, उफणून दाणे तोलले जातात. वजन भरते ६ किलो. तुकडा २५ चौरस मीटरांचा. एका हेक्टरात असे ४०० तुकडे मावतात. म्हणजे हेक्टरी २,४०० किलो. आबा क्षणभर गप्प राहतात. मग म्हणतात, "बरोबर आहे. माझ्या शेताचं खरं माप हेच." प्रतिनिधी कागदावर सही करतात.

दोघांपैकी कोणाच्याही मनासारखे झाले नाही. तरी दोघांनाही ते मान्य झाले. कारण मापाची जागा ठरविताना कोणाचीही मर्जी चालली नव्हती. आकाशातील उपग्रह, नकाशावरील चौकोन आणि शेतातील दोरी या तिघांचे काम एकच आहे: माणसाला जे पाहावेसे वाटते ते नव्हे, तर जे आहे ते पाहणे. गृहिणी भात ढवळते तेव्हा तीही नकळत हेच करीत असते. शीत लहान असते. पण ते निष्पक्षपणे उचललेले असेल, तर साऱ्या पातेल्याचे सत्य त्यात सामावलेले असते.

शब्दार्थ

आणेवारी – रुपयाच्या सोळा आण्यांच्या हिशेबाने पिकाचा अंदाज सांगण्याची रीत. यादृच्छिक – कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेले, सोडतीने ठरलेले. सुदूर संवेदन – वस्तूला स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळविणे. अवरक्त किरण – तांबड्या प्रकाशापलीकडील, डोळ्यांना न दिसणारे किरण. जिरायत – केवळ पावसावर पिकणारी जमीन. उफणणे – वाऱ्यावर धरून धान्यातील भुसा वेगळा करणे. पोचट – आत गर नसलेला.

स्वाध्याय

१. 'म्हणीत शिताचा उल्लेख आहे, ढवळण्याचा नाही. पण खरी करामत ढवळण्यात आहे.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

२. नजरेने बांधलेल्या अंदाजात कोणते दोष राहत? ते दूर करण्यासाठी महालनोबिस यांनी काय केले?

३. लहान तुकड्यातील कापणीने उत्पन्न अधिक का दिसते?

४. ऊस, गहू आणि आमराई यांतील फरक उपग्रहाच्या चित्रांवरून कसा ओळखतात?

५. एका शेतातील २५ चौरस मीटर तुकड्यात ५ किलो गहू निघाला. हेक्टरी उत्पन्न किती?

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: भाव गगनाला भिडणे, प्रश्नाला हात घालणे, मोलाची भर घालणे.

७. आपल्या गावाचा किंवा वस्तीचा साधा नकाशा काढा. त्यात शेती, पडीक जमीन, झाडी, पाणी आणि घरे निरनिराळ्या रंगांनी दाखवा. मग चिठ्ठ्या टाकून त्यातील पाच जागा निवडा आणि तेथे प्रत्यक्ष जाऊन आपला नकाशा खरा आहे की नाही, ते पाहा.